सोलापुरात माउंटन बाइक घेताय? मग चाक २९ इंचीच घ्या

पाणंदवाला

परवा ऑफिसात एकाने विचारलं, "माउंटन बाइक घ्यायचीय, चाक साडेसत्तावीसचं घेऊ की एकोणतीसचं?" मी तोंड उघडायच्या आत शेजारचा म्हणाला, "सोलापुरात माउंटन कुठाय बे? कुठलं पण घे." डोकंच फिरलं. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे डोंगर नाही, म्हणूनच २९ घ्यावी. साडेसत्तावीसचं कौतुक कशाचं, तर झाडीतल्या नागमोडी वाटेवर ती पटकन वळते. आपल्याकडे तसली वाट आहे कुठे? आपल्याकडे मुरूम आहे, ट्रॅक्टर-ट्रॉलीने उसाच्या हंगामात पाडलेल्या चाकोऱ्या आहेत, आणि साइडपट्टी खचून डांबराला आलेली धार आहे. वळायचं नाही, नुसतं तुडवत जायचं. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि एकदा वेग धरला की सोडत नाही.

हिप्परगा तलावाच्या मागच्या अंगाला एक पाणंद आहे. तिथे ओढ्यावर फरशी टाकलीय आणि पलीकडच्या काठाला चार बोटं उंचीची सिमेंटची पायरी राहिलीय. चार वर्षं २६ इंचीवर जायचो तेव्हा प्रत्येक वेळी पुढचं चाक उचलून टाकावं लागायचं. उचललं नाही तर मनगटापर्यंत झिणझिण्या. दीड वर्षापूर्वी २९ घेतली. आता बसल्या बसल्या चढते, हातातली चिक्की पण पडत नाही.

आणि शर्यतीचंच म्हणाल तर २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला माउंटन बाइकच्या शर्यतीत यारोस्लाव्ह कुल्हावी २९ वर होता आणि निनो शुर्टर साडेसत्तावीसवर. कुल्हावीला सुवर्ण मिळालं. २०१६ ला रिओत शुर्टरने सुवर्ण घेतलं ते २९ वर बसून. वाद तिथंच संपला.

ठेंगणी

पाणंदवाले, आधी तुमची उंची लिहा. मग वाद संपला का ते बघू.

मी पाच फूट एक इंच. दोन वर्षांपूर्वी दुकानदाराने तुमच्यासारखंच पटवलं, "मॅडम, आता सगळे २९च घेतात." फ्रेम सगळ्यात लहान, पण चाक तेवढंच. पहिल्याच आठवड्यात आसरा चौकाच्या अलीकडे, रिक्षा मधे आली म्हणून सावकाश वळवत होते, तर बुटाचं टोक पुढच्या टायरला घासलं आणि हँडल अडकलं. भर रस्त्यात आडवी झाले. चार जण उचलायला आले, त्यातल्या एका काकांनी विचारलं, "मोठ्या भावाची सायकल आणली का गं?"

लहान फ्रेमवर मोठं चाक बसवलं की पुढचं चाक पायडलच्या जवळ येतं, हँडल वर जातं, आणि चिखलात एकदम थांबलं की खाली उतरताना दांडी कुठे लागते ते मी इथे लिहीत नाही. ती सायकल पाच हजारांचा तोटा खाऊन विकली आणि साडेसत्तावीस घेतली. आता हत्तरसंग कुडलपर्यंत जाऊन येते.

कुल्हावी उंचापुरा गडी आहे. त्याची सायकल मला कशाला सांगता?

पाणंदवाला

ताई, माझी उंची पाच फूट नऊ. तुमचा मुद्दा मान्य, पण ती चूक फ्रेमची. चाकाची नव्हे.

ठेंगणी

फ्रेम दुकानात होती त्यातली सगळ्यात लहान होती हो. चाक लहान असतं तर त्याच मापाची फ्रेम चालली असती. मग चूक कुणाची?

दुकानात बसलेला

माझं दुकान आहे, जुन्या गावठाणात. कुठे ते सांगत नाही, नाहीतर जाहिरात म्हणाल. शर्यतीतलं मला कळत नाही, ट्यूब कळते.

लोक येतात आणि म्हणतात, "सव्वीसची ट्यूब-टायर द्या." मी विचारतो, कुठली सव्वीस? टायरच्या बाजूला बारीक अक्षरात दोन आकडे असतात, ते वाचा. दुसरा आकडा रिमचा, मिलिमीटरमधला. माउंटन बाइकची २६ म्हणजे ५५९. जुन्या सायकलीवरची २६ × १⅜ म्हणजे ५९०. दोन्ही सव्वीसच, पण एकीचं टायर दुसरीवर जन्मात बसत नाही. साडेसत्तावीस म्हणजे ५८४ आणि २९ म्हणजे ६२२.

आता वजाबाकी करा. ५५९ वरून ५८४ म्हणजे २५ मिमी. ५८४ वरून ६२२ म्हणजे ३८ मिमी. साडेसत्तावीस नावाला मधली, खरं तर ती सव्वीसचीच चुलत बहीण. ५८४ हे माप काही नवीन पण नाही, फ्रेंच लोकांच्या प्रवासी सायकलींचं ६५०बी तेच. आणि २९ च्या रिमचं माप हायब्रिड सायकलीच्या ७००सी चंच. फक्त टायर जाड म्हणून नाव वेगळं.

माझं मत विचाराल तर, ज्याला अक्कलकोट रोडने कुठल्याही गावात ट्यूब मिळावी असं वाटतं त्याने २६ ठेवावी. पण आता चांगली नवी सायकल २६ मध्ये मिळते कुठे? लहान पोरांच्या आणि स्वस्तातल्या तेवढ्या येतात. तेव्हा २९ घ्या नाहीतर साडेसत्तावीस घ्या, एक ट्यूब पिशवीत ठेवा. ऐन वेळी साडेसत्तावीसची ट्यूब २९ मध्ये ताणून बसते, घरापर्यंत पोचवते. मोठी ट्यूब लहान टायरमध्ये कोंबू नका, घडी पडते आणि तिथेच फुटते.

अजून एक. वाल्व बारीक तोंडाचा, प्रेस्टा असेल तर पेट्रोल पंपावरची हवा बसणार नाही. पितळी टोपण मिळतं छोटंसं, ते खिशात ठेवा. रोज एक तरी गडी त्यापायी सायकल ढकलत येतो.

त्रिज्या

पाणंदवाले, तुमच्या त्या पायरीचा हिशोब केला. क्लास घेतो, सवय आहे.

चार बोटं म्हणजे साडेसात सेंटीमीटर धरू. चाक पायरीच्या कोपऱ्याला जिथे भिडतं तिथला कोन काढायचा. त्रिज्येतून पायरीची उंची वजा करा, त्रिज्येने भागा, जो आकडा येईल तो कोसाइन. २६ इंची चाकाला साधारण ३९ अंश येतात, साडेसत्तावीसला ३८, आणि २९ ला ३७. म्हणजे आपण ज्या दोन चाकांवर भांडतोय त्यांच्यात फरक एका अंशाचा.

तुमच्या जुन्या सव्वीस आणि नव्या एकोणतीसमध्ये धरला तरी दोनाचा. तेवढ्यासाठी झिणझिण्या जात नाहीत. म्हणून दोन प्रश्न. जुन्या सायकलीला टायर किती रुंद होता? हवा किती भरायचात?

पाणंदवाला

१.९५ इंच. हवा ५० पीएसआय. पंक्चर नको म्हणून कडक ठेवायचो. आता २.२५ आहे, तीसच्या आसपास.

(पुढे काय येणार ते कळलं मला.)

त्रिज्या

कळलं ना? चाक बदललं, त्याच दिवशी टायर बदललं, हवा वीसने उतरवली, पुढचं चाक धरणारा जुना गंजलेला फोर्क जाऊन नवा आला, आणि श्रेय दिलं एकट्या चाकाला. सुनेने घर सारवलं आणि कौतुक केरसुणीचं.

पाणंदवाला

सर, मार बसला. पण पूर्ण नाही. एक अंश एका पायरीला असेल, पण मी चाळीस किलोमीटर मुरूम तुडवतो तेव्हा असे हजार दगड येतात. आणि सवंगड्याची साडेसत्तावीस मी चालवलीय, टायर तेवढंच, हवा तेवढीच. बार्शी रोडच्या पुढे उताराला पायडल थांबवलं की माझी पुढे निघते, त्याची मागे राहते. दर वेळी.

त्रिज्या

सवंगड्याचं वजन किती?

पाणंदवाला

...५८. माझं ८१. सोडा तो मुद्दा.

सराटा

इथे अंश मोजणं चाललंय आणि काट्यावर कुणी बोलेना. सोलापुरात चाकाचं माप बाभूळ ठरवते. देशी बाभळीचा पांढरा काटा, वेड्या बाभळीचा काटा, आणि पावसाळ्यानंतर जमिनीवर पसरलेला सराटा. सराटा कसाही पडला तरी एक टोक वर. माझ्या पुढच्या टायरमधून एकदा चिमट्याने अकरा काढले, नखाएवढे, सगळे आत मोडलेले. चाक २९ होतं म्हणून एकही कमी घुसला नाही.

ट्यूबलेस करा, आत भोक बुजवणारं पातळ सीलंट घाला. आणि इथल्या उन्हात कंपनीने बाटलीच्या पाठीवर लिहिलेल्या मुदतीवर जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये माझं दोन महिन्यांत वाळून दह्याच्या सायीसारखं चिकटलेलं निघतं. हलवून बघा, आत खळखळ ऐकू आली पाहिजे. सायकल घेताना रिम ट्यूबलेस होते का तेवढं विचारा. माप नंतर.

कडक भाकरी

+१ सराटा. आणि एक विनंती, नान्नजकडे जाणाऱ्यांनी डांबरी रस्त्यावरच राहा. माळढोक पक्ष्याच्या गवताळ माळात चाक २६ असो की २९, आपलं काम नाही.

घाटातला

मी उलट बाजूने बोलतो. तुळजापूरला सायकलवर जाणाऱ्यांनी शेवटचा चढ आठवा. २९ च्या चाकाचा घेर साडेसत्तावीसपेक्षा साडेपाच टक्के मोठा. म्हणजे पुढे ३२ दातांची चकती असेल तर पायाला ती ३४ सारखी लागते. पंचेचाळीस किलोमीटर मारून झाल्यावर, डोक्यावर ऊन, आईचा कळस अजून दिसत नाही, तेव्हा ते दोन दात कुठून आले ते गुडघा सांगतो. २९ घ्यायचीच तर पुढची चकती ३० ची करून घ्या. दुकानात कुणी सांगत नाही हे.

नवाकोरा

पुढे २९ आणि मागे साडेसत्तावीस असं पण येतं म्हणे. ते घेऊ का? दोन्हींचा फायदा.

दुकानात बसलेला

ती उभ्या उतारावर झोकून देणाऱ्यांसाठी. मागे बूड न्यावं लागतं, चाक लहान असलं की घासत नाही. तू उतरणार कुठे, सिद्धेश्वर तलावाच्या पायऱ्या? दोन मापाच्या दोन ट्यूबा वागवत फिरशील उगाच.

पाणंदवाला

बरं. धाग्याचं नाव आता बदलता येत नाही, तर इथेच लिहितो: साडेपाच फुटांच्या वर असाल आणि रस्ता मुरमाचा असेल तर २९. त्याच्या खाली असाल तर ठेंगणीताईंना विचारा. घाटातल्यांचं चकतीचं बरोबर आहे, मी पण बदलून घेणार. सरांच्या हिशोबात चूक सापडत नाही, तरी पायरीवर माझा विश्वास आहे.

ठेंगणी

साडेपाच नाही. पाच-चारच्या दोन मैत्रिणी २९ वर मजेत आहेत, त्यांचे पाय लांब. उंची नका मोजू, भिंतीला पाठ लावून जांघेपासून टाचेपर्यंत मोजा. आणि सायकल दुकानाबाहेर काढून, बूट घालून, एक आठचा आकडा मारून बघा. टोक टायरला लागलं की परत द्या.

त्रिज्या

पाणंदवाले, रविवारी तुमची आणि सवंगड्याची दोन्ही सायकली त्या पायरीवर आणा. मी टायर आणि हवा सारखी करून देतो. डोळे बांधून ठरवू.

पाणंदवाला

डोळे बांधून ओढ्यात घालणार काय सर? पण येतो. साडेसहाला, उन्हाच्या आत.

दुकानात बसलेला

या. फक्त पाणंदीच्या डाव्या अंगाने जाऊ नका, तिथं बाभळी तोडून टाकल्यात. आणि रविवारी माझं दुकान बंद असतं.