लेकीला किमोनोबद्दल कसं समजावू? (नोव्हेंबरात शिची-गो-सान आहे)

निशिकासाईची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही तोक्योत निशिकासाईला राहतो, लेक नुकतीच ७ वर्षांची झाली आणि तिच्या वर्गातल्या मुली आत्तापासून शिची-गो-सानच्या (३, ५ आणि ७ वर्षांच्या मुलांचा सण) किमोनोबद्दल बोलतायत म्हणून हिलाही घालायचाय. मला आनंदच आहे, पण नुसतं स्टुडिओत जाऊन भाड्याचा किमोनो घातला, फोटो काढला नि घरी आलो असं नकोय मला. आपण काय घालतोय, का घालतोय हे तिला कळायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे गेल्या महिन्यात बोन ओदोरीला (बोन म्हणजे पूर्वजांचा सण, त्यातला नाच) मी तिला युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो, नेसवला तो उलटा झाला, उजवी बाजू वर. शेजारच्या आजी तिला हळूच बाजूला घेऊन गेल्या, नीट करून दिला, मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. नंतर मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं की तसा फक्त गेलेल्या माणसाला घालतात. मला इतकं वाईट वाटलं! लेक आता रोज विचारते आजीने का सोडून परत बांधला. सांगू का तिला खरं? की अजून लहान आहे?

कोबेकर

ताई, वाईट वाटून घेऊ नका, इथे जपानी आयासुद्धा युट्युब बघून नेसवतात. आधी नियम सांगतो. घालणाऱ्याची उजवी बाजू आधी अंगाला लागते आणि डावी तिच्यावर येते, समोरून बघितलं की गळा इंग्रजी लहान वायसारखा दिसतो. मुलांसाठी त्याहून सोपी खूण म्हणजे उजवा हात छातीपाशी सहज आत सरकला की बरोबर. आमच्या मुलाने ही एकदाच ऐकली आणि आता तोच मला तपासतो.

हा नियम जुना आहे बरं का, सन ७१९ मध्ये दरबाराने फर्मानच काढलं होतं की सगळ्यांनी याच बाजूने मिटायचं.

पण मरणाचं कारण मी तरी इतक्यात सांगणार नाही. सात वर्षांच्या पोरीला सणाच्या कपड्यात ते कशाला? "अशीच पद्धत आहे" एवढं पुरे.

सेन्सेई_कोथरूड

कोबेकर, इथे माझं जरा वेगळं मत आहे. मी पुण्यात जपानी शिकवते, सुट्टीत लहान मुलांची बॅचही घेते आणि माझा अनुभव असा की "अशीच पद्धत आहे" म्हटलं की मुलांचं लक्ष तिथेच उडतं. आणि आपल्याकडे तर हे समजावणं अगदी सोपं आहे. घरी श्राद्धाला आजोबांना जानवं अपसव्य करताना मुलांनी पाहिलेलं असतं, एरवी डाव्या खांद्यावर असतं ते पितरांसाठी उजव्यावर घेतात. मी तेच सांगते, की जिवंत माणसाचं एका बाजूने, गेलेल्यांचं दुसऱ्या बाजूने, कारण त्यांचा रस्ता वेगळा. एकही मूल घाबरलं नाही आजवर, उलट एकाने विचारलं की मग बोनला पूर्वज घरी येतात ते कुठल्या बाजूने मिटून येतात. मी म्हटलं हे मलाही विचार करायला लावणारं आहे.

निशिकासाईची_आई, सांगा तिला. आजींनी का सोडला हे कळलं की आजींची माया पण कळेल.

आणि एक, कपड्यांच्या प्रकारांची नावं पाठ करून घेऊ नका. फुरिसोदे, तोमेसोदे, हाओरी ही यादी मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात. त्यापेक्षा कागदाची लांब पट्टी घ्या आणि तिच्याकडूनच किमोनो कापून घ्या. एक थान साधारण ३६-३८ सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटरच्या आसपास लांब असतं, त्यातून सगळे सरळ तुकडे निघतात, दोन बाह्या, दोन अंगाचे, दोन पुढच्या पाळ्या, गळा आणि गळ्यावरची पट्टी. गोल काप कुठेच नाही, त्यामुळे वाया जवळजवळ काही जात नाही. पूर्वी तर किमोनो सगळा उसवून, तुकडे परत थानासारखे जोडून धुवायचे, ताणून वाळवायचे आणि पुन्हा शिवायचे. आपल्या मुलांना हे लगेच पटतं कारण आजीच्या नऊवारीची गोधडी झालेली त्यांनी अंगावर घेतलेली असते.

शिवणटिपण

सेन्सेईंनी कापडाचा विषय काढलाच आहे म्हणून लिहिते, मी ओसाकात असताना दोन वर्षं वासाई म्हणजे किमोनोचं हातशिवण शिकले.

मुलांच्या किमोनोत मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट म्हणजे खांद्यावरची आणि कमरेची घडी. काता-आगे आणि कोशी-आगे म्हणतात. किमोनो मुद्दाम मोठा शिवतात, जास्तीचं कापड खांद्यावर आणि कमरेला दुमडून टीप घालतात आणि मूल वाढेल तशी ती सोडत जातात. आपल्याकडे परकर-पोलकं वाढत्या अंगाचं शिवायचे तसंच अगदी! फरक एवढाच की आपण ती टीप आतून लपवायचो आणि इथे ती बाहेर दिसायला हवी, कारण खांद्यावर घडी म्हणजे हे अजून वाढतं मूल आहे. ज्याला घडीची गरज नाही असा बेताचा किमोनो असला तरी थोडी घडी घालतातच.

तान्ह्या बाळाच्या किमोनोचं तर अजूनच. पाठीला एकच पन्हा पुरतो म्हणून मधे शिवण येत नाही. आता शिवणीला जपानीत नुईमे म्हणतात आणि मे म्हणजे डोळा पण, म्हणजे पाठीवर डोळा नाही, मागून काही वाईट आलं तर बघणार कोण? म्हणून आया पाठीवर गळ्याखाली रंगीत दोऱ्याने चार टाके घालायच्या, कुणी छोटं फूल भरायचं. सेमामोरी म्हणतात. आपली गालावरची तीट बघा. मी पहिल्यांदा एका संग्रहातलं जुनं झबलं पाहिलं, विटलेलं कापड आणि त्यावर लाल दोऱ्याचे ते टाके, लांबीला थोडे मागेपुढे, एक तिरका गेलेला. माझ्या आईने माझ्या कुंचीला गोंडा शिवलाय तो असाच तिरका आहे.

शिची-गो-सानचा अर्थही कपड्यातच आहे. ३ वर्षांच्या वेळी केस वाढवायला सुरुवात, ५ ला मुलगा पहिल्यांदा हाकामा (किमोनोवरची घेरदार विजार) घालायचा आणि ७ ला मुलगी किमोनोला शिवलेल्या नाड्या सोडून मोठ्यांसारखी ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, बांधायची. लेकीला हेच सांगा की तुझी ही पहिली ओबी. १५ नोव्हेंबर हा दिवस, पण लोक आधीनंतरच्या शनिवार-रविवारी जातात, देवळात गर्दी असते, चितोसे-आमे नावाच्या लांब गोळ्यांची पिशवी हातात येते त्यावर सारस आणि कासव असतं, ते दीर्घायुष्याचं.

कोबेकर

सेन्सेई, अपसव्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझा मुद्दा मागे घेतो, आजच पोराला सांगतो.

अजून एक, गेता (लाकडी चपला) घालताना डावा-उजवा नसतो, दोन्ही सारखेच, आलटून पालटून घातले की झीज सारखी होते. मुलांना हे फार आवडतं. आणि बाहीच्या खालच्या पोकळीत रुमाल ठेवायला द्या तिला, दिवसभर त्यात हात घालत बसेल.

निशिकासाईची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिला सांगितलं, अपसव्याचं पण सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली आजींनी मला जिवंत बाजूला केलं. मला काही सुचेना, जवळ घेतलं फक्त.

संध्याकाळी दोघी आजींकडे गेलो. त्यांनी त्यांच्या मुलीचा जुना युकाता काढला, कागदात घडी घालून ठेवलेला, आसानोहाची नक्षी. ते आसाचं, म्हणजे भांगेचं, रोप सरळ आणि भराभर वाढतं म्हणून मुलांना ती नक्षी घालतात हे आजींनीच सांगितलं. खांद्याची घडी अजून तशीच होती. आजींनी ती बोटाने जरा उघडून दाखवली तर आतलं कापड गर्द निळं आणि बाहेरचं पार फिकं. लेक त्या निळ्या पट्टीवर बोट फिरवत बसली होती. तो युकाता त्यांनी तिला देऊन टाकला, पुढच्या उन्हाळ्यात घालायचा म्हणून.

शिवणटिपण ताई, घडी तिच्यासाठी थोडी सोडावी लागेल असं वाटतंय. जुनं कापड आहे, फाटणार तर नाही ना?

शिवणटिपण

नाही फाटणार. ती टीप हाताची आणि सैल असते, सोडायलाच घातलेली. कात्री लावू नका, सुईच्या टोकाने एकेक टाका उचला आणि दोरा थोडा थोडा ओढून काढा. सगळी एकदम सोडू नका, बोटभर सोडून नवी टीप घाला, उरलेली पुढच्या वर्षांना राहू दे. टाक्यांची भोकं दिसली तर कापड किंचित ओलं करून नखाने घासा, सुती आहे, मिटतील. आणि हे आजींसमोर बसून करा, त्यांना हातात सुई घ्यावीशी वाटेल.