शब्दचर्चा : ‘अंदाजपत्रकाचे समायोजन’ की ‘तरतूद वर्ग करणे’?

विचारणा

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियातल्या एका शहराच्या पुनर्विकास संस्थेचा २०१० सालचा ठराव मराठीत आणते आहे. राज्याने भरायला लावलेल्या रकमेसाठी चालू अंदाजपत्रकात बदल करायचा, असा विषय. मी ‘राज्य-अनिवार्य देयकांसाठी अंदाजपत्रकाचे समायोजन’ असं लिहिलंय, पण वाचताना अडखळायला होतं. संस्थेच्या उत्पन्नाला ‘करवाढ’ म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद

‘करवाढ’ आधी काढा. ते वाचून कोणीही कराचा दर वाढला असंच समजेल. इथे दर जागचा हलत नाही. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव १३ नंतर तिथला मालमत्ता कराचा मूळ दर १ टक्क्यावर बांधलेला आहे. पुनर्विकास क्षेत्र ठरलं की त्या वेळचं करपात्र मूल्य गोठवायचं आणि पुढे जे मूल्य चढेल त्यावरचा कर संस्थेकडे वळवायचा, अशी ती रचना होती. समजा, मूल्य १० कोटी डॉलरवरून १५ कोटींवर गेलं. वरच्या ५ कोटींवरचे ५ लाख डॉलर संस्थेकडे येणार. त्यातून इतर करसंस्थांना काही वाटा द्यावा लागे, आणि सर्वसाधारणपणे २० टक्के, म्हणजे १ लाख, अल्प व मध्यम उत्पन्न गटाच्या घरांसाठी बाजूला काढणं कायद्यानेच बंधनकारक होतं. ‘मूल्यवाढीवरील कर’ म्हणा, अर्थ लगेच पोचतो.

‘देयक’ही नको. आपल्याकडे देयक म्हणजे बिल, विजेचं किंवा पाणीपट्टीचं. इथे संस्थेने रक्कम भरायची आहे, तेव्हा ‘भरणा’. आणि ‘समायोजन’ म्हटलं की मला तरी अतिरिक्त शिक्षकच आठवतात. त्या शब्दाने पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला, हे काहीच कळत नाही.

प्रतिसाद

पुणे महापालिकेत यासाठी रोजच्या वापरातला शब्द आहे : वर्गीकरण. एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाला द्यायची असली की ‘वर्गीकरणाचा प्रस्ताव’ येतो.

प्रतिसाद

हो, पण पुण्याबाहेरचा वाचक त्याचा अर्थ प्रकार पाडणं असा घेईल. क्रियापद वापरलं तर अडचण राहत नाही : ‘तरतूद वर्ग करणे’. हे ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत सगळीकडे कळतं. ‘फेरफार’ मात्र टाळा. एक तर तो सातबाऱ्याचा शब्द, शिवाय हिशेबाच्या संदर्भात त्याला संशयाचा वास येतो.

विचारणा (पुढे)

आभार. राज्याने भरायला लावलेला हा पैसा शाळांसाठी गेला ना? मग ‘शैक्षणिक अंशदान’ म्हणू का?

प्रतिसाद

नका म्हणू, आणि हे मी आग्रहाने सांगतो. अंशदान म्हणजे सामाईक कामातला आपला हिस्सा, बहुधा राजीखुशीचा. इथे मंदीत राज्याच्या तिजोरीत खड्डा पडला होता. जुलै २००९ च्या कायद्याने सगळ्या पुनर्विकास संस्थांनी मिळून १.७ अब्ज डॉलर १० मे २०१० पर्यंत आणि आणखी ३५ कोटी डॉलर १० मे २०११ पर्यंत भरायचे ठरलं. निधीचं नाव ‘पूरक शैक्षणिक महसूल वाढ निधी’, इंग्रजी आद्याक्षरांवरून बोलताना ‘सेराफ’. शाळांना किमान निधी देण्याची हमी १९८८ च्या प्रस्ताव ९८ ने राज्यावर टाकलेली होती. स्थानिक पैसा शाळांकडे गेला की तेवढा राज्याचा भार हलका होई. भरणा न करणाऱ्या संस्थेला नवे रोखे काढायला आणि नवी कामं हाती घ्यायला बंदी. संस्था न्यायालयात गेल्या. मे २०१० मध्ये सॅक्रामेंटोच्या न्यायालयाने भरणा थांबवायला नकार दिला. याला अंशदान म्हणणं त्या शहरांवर अन्याय आहे. मथळ्यात ‘राज्याने बंधनकारक केलेला भरणा’ लिहा, टिपेत खुशाल ‘सक्तीचा भरणा’.

विचारणा (पुढे)

या संस्थेने ती रक्कम घरांच्या त्या २० टक्क्यांच्या निधीतून घेतली आहे. मी ‘निधी हस्तांतरण’ लिहिलं होतं.

प्रतिसाद

सगळ्यात जपायची जागा हीच. हस्तांतरण म्हटलं की पैसा कायमचा गेला. कायद्याने परवानगी होती ती उसने घेण्याची, आणि २०१० साली घेतलेली रक्कम ३० जून २०१५ पर्यंत परत करायची होती. न केल्यास पुढे घरांसाठी २० ऐवजी २५ टक्के बाजूला काढायचे. ‘उसनवार’ लिहा, ठरावाची भाषा जड हवी असेल तर ‘अंतर्गत कर्ज’. स्वस्त घराची वाट पाहणाऱ्या कुटुंबांचा पैसा दुसरीकडे गेला आणि तो परत यायचा आहे, हे मराठी वाचणाऱ्याला दिसलंच पाहिजे.

मी मसुदा असा करेन : ‘राज्याने बंधनकारक केलेल्या भरण्यासाठी गृहनिर्माण निधीतून रक्कम उसनवार घेणे व त्यानुसार चालू वर्षाच्या अंदाजपत्रकातील तरतूद वर्ग करणे.’

विचारणा (पुढे)

हे चपखल बसतंय. सोबतच्या २०१३ च्या कागदात संस्थेचं नावच बदललंय. ‘उत्तराधिकारी संस्था’ लिहू?

प्रतिसाद

लिहा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २९ डिसेंबर २०११ च्या निकालानंतर १ फेब्रुवारी २०१२ ला अशा जवळपास ४०० संस्था बरखास्त झाल्या, आणि त्यांची देणी फेडायला या उत्तराधिकारी संस्था नेमल्या गेल्या. घरांच्या निधीची उसनवारी त्या देण्यांमध्ये धरली गेली. म्हणून दोन्ही कागदांत शब्द एकच ठेवा. पहिल्यात ‘उसनवार’ आणि दुसऱ्यात ‘हस्तांतरण’ आलं, तर परतफेड कशाची चालली आहे हे वाचणाऱ्याला लागणार नाही.