हिमप्रेत, हिमवेताळ की बर्फाचा तोतया?

फासेवाला: कर्वेनगरात आम्ही मित्रमंडळी डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत पात्रं वठवायचा कथाखेळ, मराठीतून खेळतो. या मोहिमेसाठी एक मंत्र बेतलाय. मांत्रिक मेलेल्या योद्ध्यावर बर्फ चढवतो आणि हुबेहूब त्याच्यासारखे बर्फाचे लढवय्ये उठवतो, ना धड जिवंत ना मेलेले. नाव दिलं 'हिमप्रेतोत्थान'. गटातली एकजण म्हणाली, प्रेत उठत नसतं, ते पडून असतं. तिचं बरोबर आहे का? आणि अशा ना जिवंत ना मेलेल्या 'अनडेड'ला एकूणच काय म्हणावं?

मोडीवाचक: आजच्या मराठीत तिचंच बरोबर. प्रेत म्हणजे तिरडीवरचं. संस्कृतात मात्र प्र + इत, पुढे निघून गेलेला. तिथे तो मृताचा आत्मा.

नवीपेठी: 'भूतप्रेत' आपणही म्हणतोच की! पण वेताळ असताना अडलंय कुठे? वेताळपंचविशीत विक्रमाच्या खांद्यावरचं मढं बोलतं, कारण आत वेताळ शिरलेला असतो. हिमवेताळ म्हणा.

गावठाण: वेताळाला राबवणारा मांत्रिक मला सहन होत नाही. आमच्या कोकणात तो गावाचा राखणदार आहे, आणि तुमच्या वेताळ टेकडीवरही त्याचं देऊळच आहे. सरळ 'मुडदा' घ्या. आजी चिडली की 'मुडदा बशिवला तुझा' म्हणायची, घर गप्प व्हायचं.

मोडीवाचक: मुडदा हा फारसी मुर्दा. 'मढं' आपलं, थेट 'मृतक'वरून प्राकृतातून आलेलं. ते असताना उसनवारी कशाला?

गावठाण: मग जमीन, तारीख, वकील हेही परत करा. आजीच्या तोंडात होता तो शब्द मराठीच.

मंत्रपेटी: प्रतिकृतीचा मुद्दा राहूनच गेला. मूळ खेळातला सिम्युलाक्रम, म्हणजे प्राण्याची बर्फाची नक्कल घडवणारा मंत्र, प्रेतविद्येच्या प्रकारात नाही, मायाजालाच्या प्रकारात मोडतो. २०१४ च्या नियमांत तो करायला १२ तास लागतात, प्रतिकृतीत मूळ प्राण्याच्या निम्मीच प्राणशक्ती असते, ती संपली की बर्फ होऊन वितळते. यात मढं कुठे आलं? मी म्हणेन 'तोतया'. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ परत आले म्हणत एकजण उभा राहिला आणि लोक त्याच्यामागे गेले. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. मेलेल्याची नक्कल म्हटल्यावर पुणेकराला दुसरं काय आठवणार?

मोडीवाचक: तोतया जाणूनबुजून फसवतो. बर्फाच्या पुतळ्याला कसली आलीय लबाडी?

नवीपेठी: तोता म्हणजे राघू, पढवलेलं बोलणारा. तोतया त्यावरूनच आला असणार, मग लबाडीची अट उरत नाही.

मोडीवाचक: ध्वनी जुळला की व्युत्पत्ती होत नाही. जुना दाखला द्या.

फासेवाला: तोतया आवडला, पण माझ्या मंत्रात बर्फाखाली खरंच मढं आहे. 'अनडेड'चं काय करू?

मंत्रपेटी: खाली मढं असेल तर मूळ माणूस जागेवरच पडलेला राहिला, उठला तो दुसरा. म्हणजे तोतयाच.

गावठाण: पेटवून पाहा. बर्फ वितळल्यावर खाली उरेल तो मुडदा.

मोडीवाचक: मढं.