दुधाची दाढ लवकर गेली तर? अनुभव लिहा

शमा_नौपाडा
काल भाचीचा फोन. लेकीची दुधाची दाढ किडली म्हणून काढली, वय वर्षं पाच. "पडणारच होती ना गं मावशी!" मला आमचे चिरंजीव आठवले. त्याचीही खालची पहिली दाढ अशीच गेली होती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवलं, पक्का दात हिरडीत खोल होता. तो यायचा दहाव्या-अकराव्या वर्षी. तोवर सहाव्या वर्षी सगळ्यात मागे पक्की दाढ येते, पुढच्यांना रेटते, आणि रिकामी जागा मिटत जाते. म्हणून स्पेस मेंटेनर: मागच्या दाढेला स्टीलची पट्टी, तिला तारेचा वळसा, तो सुळ्याला टेकलेला. पोरगा दिवसभर त्या तारेला जीभ लावत बसायचा. तुमच्याकडे कोणाला बसवला?

घणसोलीची_आई
चिक्की!!! लोणावळ्याहून येताना पट्टी चिक्कीला चिकटून बाहेर. नशीब गिळली नाही. डबीत घालून नेली, परत चिकटवून मिळाली. चिकट खाणं तेव्हापासून बंद. बाकी कुकर झाला, नंतर लिहिते

बाबा_वर्तकनगर
आमचे वरचे पुढचे दोन गेले, उपवनला सायकलवरून. पुढच्यांना बहुतेक वेळा जागा धरायची गरज नसते म्हणाले. फक्त वर्षभर 'थायकल' आणि 'थाळा'. आणि हो, दुधाचा दात मुळासकट निघाला तर परत बसवत नाहीत. पक्का निघाला तर मात्र दुधात टाकून लगेच डॉक्टर गाठायचा.

कुसुमआजी
आम्ही दात कौलावर फेकायचो, उंदीरमामा नवा देतो म्हणून. नातीचा दात आता सोळाव्या मजल्यावरून कुठे फेकू? खाली सेक्रेटरींची गाडी आहे.

बाबा_वर्तकनगर
आजी 😂 फेकाच

खारघर२१०
आम्हाला दाढ काढताना कोणी काही सांगितलंच नाही. मुलगी आता नववीत, पक्का दात वाट न मिळाल्याने बाहेरून आला, ब्रेसेस चालू. काढायच्या आधीच विचारा की पुढे काय.

शमा_नौपाडा
@खारघर२१० अगं बाई. दुखतं का फार?

खारघर२१०
तार घट्ट केली की दोन दिवस वरणभात.

मी_ऐरोलीकर
सगळ्यांनाच लागतो असं नाही. माझ्या मुलाचा पक्का दात एक्स-रेत वर यायच्या बेतात होता, डॉक्टर म्हणाले राहू द्या. भूल दिलेली होती तेव्हा ओठ चावून चावून सुजवला पठ्ठ्याने, ते मात्र सांभाळा.

सोनल_कोपरी
खर्चाचं काय? खाजगीत झेपत नाही हो

घणसोलीची_आई
आले. नेरूळला डी. वाय. पाटील डेंटल कॉलेज बघ, मुलांचा वेगळा विभाग आहे. वेळ जातो, डबा घेऊन जा. ठाण्याहून नेरूळ लोकल आहेच. आणि बसवून विसरायचं नाही हं. पट्टीच्या कडेला अन्न अडकतं, तिथे ब्रश तूच फिरव. मधूनमधून दाखवत राहायचं, खालून पक्का डोकावला की काढून टाकतात.

सोनल_कोपरी
थँक्यू ताई 🙏 सोमवारी जाते

बाबा_वर्तकनगर
मेंटेनर असताना मामलेदारची मिसळ चालते का? मित्रासाठी विचारतोय.

मी_ऐरोलीकर
तारेला काही होत नाही. तिखटाचं मित्राने बघावं.