पिवळ्या पिशवीतली सुई मावशींना टोचली, आता काय करू?

नवी_इनचार्ज
नमस्कार सगळ्यांना. मी तालुक्याच्या गावी २२ बेडच्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, दोन महिन्यांपूर्वी मला इन्फेक्शन कंट्रोलचं काम दिलं, म्हणजे एक रजिस्टर हातात दिलं आणि सांगितलं आजपासून तुम्ही बघा. आज दुपारी अडीचच्या सुमारास आमच्या सफाईच्या मावशी फिमेल वॉर्डातली वापरलेल्या कापूस-ड्रेसिंगच्या कचऱ्याची पिवळी पिशवी बांधत होत्या, पिशवी पार गळ्यापर्यंत भरलेली, गाठ बसेना म्हणून त्यांनी तळहाताने कचरा खाली दाबला आणि आतून नीडल अंगठ्याखालच्या मांसात घुसली. हातात ते पातळ तपासणीचे ग्लोव्हज. रक्त आलं तसं मावशींनी अंगठा पिळला, हळद लावली, फडकं गुंडाळलं आणि पुढचा वॉर्ड पुसायला गेल्या. मला कळलं साडेपाचला, ते पण दुसऱ्या मावशींकडून. सरांना सांगितलं तर म्हणाले स्पिरिट लावा, टीटी द्या, एवढ्याने काही होत नसतं. टीटी दिलंय पण मला चैन नाही. सुई कुठल्या पेशंटची ते कळायला मार्ग नाही, वॉर्डात आज नऊ जण होते. मावशींना हिपॅटायटिसची लस कधीच मिळालेली नाही, त्या कंत्राटदाराच्या माणूस आहेत म्हणून. मला म्हणतात, अगं चार वर्षांत पाच-सहा वेळा टोचलीय, काय झालं मला? आता साडेसात वाजलेत. काय करायला पाहिजे आणि हे परत होऊ नये म्हणून सुरुवात कुठून करू? हात जोडून विचारतेय.

कॅज्युअल्टी_सिस्टर
आधी फोन ठेव आणि मावशींना घेऊन निघ, बाकीचं वाटेत वाच. मी मुंबईत सरकारी हॉस्पिटलला आहे, १९ वर्षं झाली, त्यातली बरीच कॅज्युअल्टीत गेली म्हणून घाई करतेय. एचआयव्हीसाठीचं पीईपी, म्हणजे सुई टोचल्यावरच्या प्रतिबंधाच्या गोळ्या, पहिला डोस जमलं तर दोन तासांच्या आत पोटात जायला हवा, तुमचे पाच तास गेलेत, पण ७२ तासांपर्यंत देतात त्यामुळे वेळ गेलेली नाही फक्त आता उद्यावर टाकू नकोस. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, सांग नीडल प्रिक आहे, सोर्स माहीत नाही, पीईपी पाहिजे. रात्री एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र, बंद असतं पण पहिला डोस कॅज्युअल्टीत मिळायला हवा, नाही म्हणाले तर ड्युटीवरच्या मेडिकल ऑफिसरला भेट. गोळ्या पुढे २८ दिवस चालू ठेवायच्या का ते तिथले डॉक्टर ठरवतील.

दुसरं आणि खरं तर जास्त काळजीचं म्हणजे हिपॅटायटिस बी. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई लागली तर शंभरात सहापासून तीसपर्यंत लोकांना लागण होऊ शकते, हिपॅटायटिस सी मध्ये शंभरात दोनेक, एचआयव्हीत हजारात तीन. लोक घाबरतात एचआयव्हीला आणि बी कडे बघत पण नाहीत. मावशींना लसीचा पहिला डोस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दोन्ही विचार, इम्युनोग्लोब्युलिन २४ तासांत मिळालं तर उत्तम. आजच त्यांचं रक्त एचआयव्ही, बी आणि सी साठी तपासायला द्या, म्हणजे आज काय स्थिती होती ते कागदावर राहील. ती सुई शोधून तपासायला नेऊ नका, त्यातून काही कळत नाही आणि शोधताना दुसऱ्याला टोचते.

आणि पुढच्या वेळेसाठी (देव करो येऊ नये), जखम पिळायची नाही, तोंडात धरायची नाही, स्पिरिट-डेटॉल ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, बास. हे मावशींना रागावून नको सांगूस, त्यांना आजपर्यंत कोणी सांगितलेलंच नाही.

गाडीवरचा_दादा
सिस्टर मी कॉमन फॅसिलिटीच्या, म्हणजे सगळ्या दवाखान्यांचा कचरा एकत्र नष्ट करतात त्या प्लँटच्या, गाडीवर आहे, हॉस्पिटलांचा कचरा उचलतो, सहावं वर्ष चालूय. आधी मावशींना दवाखान्यात न्या मग माझं वाचा. मला स्वतःला तीनदा लागलीय, दोनदा पिवळ्या पिशवीतून, एकदा मांडीला, पिशवी गाडीत चढवताना अंगाला घासली आणि पँटीतून आत. आम्ही काट्यावर पिशवी लावतो, बारकोड स्कॅन करतो, गाडीत टाकतो, दिवसाला साठ-सत्तर ठिकाणं, प्रत्येक पिशवी उघडून बघायला कुणाला वेळ आहे. उचलल्यावर हाताला कळतं आत काय आहे ते. पिवळ्यात कापूस ड्रेसिंग असेल तर पिशवी मऊ लागते, मध्येच कडक टोक लागलं की समजायचं कुणीतरी सिरिंज नाहीतर सलाईनचा सेट घातलाय. ज्यानं घातला तो तेव्हा घरी जेवत असतो. राग नाही पण वाईट वाटतं.

नवी_इनचार्ज
रात्रीचे अकरा वाजत आलेत, आत्ता परत आलो. उपजिल्हा रुग्णालय १४ किलोमीटरवर, माझ्या भावाच्या गाडीतून गेलो. आधी म्हणाले सकाळी या, मग मी ताईंनी सांगितलं तसंच्या तसं बोलले तर मॅडम बाहेर आल्या आणि पहिली गोळी समोर बसून दिली. रक्त घेतलं. हिपॅटायटिसचा पहिला डोस झाला, इम्युनोग्लोब्युलिन तिथे नव्हतं, उद्या सकाळी जिल्ह्याहून मागवतो म्हणाल्या. येताना मावशी एवढंच बोलल्या की गोळ्यांचं घरी काय सांगू, सून वाचती, डबीवरचं नाव वाचंल. ताई याला काय सांगू?

कॅज्युअल्टी_सिस्टर
शाब्बास पोरी. डबीवरचं लेबल तिथल्या फार्मासिस्टला विचारून काढता येतं, साध्या डबीत देतात, रोजची एकच गोळी असते. घरी सांगायचं की नाही हे मावशींनी ठरवायचं, तू किंवा हॉस्पिटलने कोणी बाहेर बोलायचं नाही, तुमच्या स्टाफरूममध्ये पण नाही. मावशी पित्ताचं औषध किंवा रक्तवाढीच्या, कॅल्शियमच्या गोळ्या घेतात का विचार, घेत असतील तर डॉक्टरांना सांगा कारण वेळा लांब ठेवाव्या लागतात नाहीतर पीईपीची गोळी नीट लागू पडत नाही. मळमळ झाली म्हणून मध्येच सोडायची नाही. परत तपासण्या दीड महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. तोवर रक्तदान नाही, आणि नवऱ्याबरोबर निरोध वापरायचा, हे तू बाई म्हणून शांतपणे सांग, कागदावर लिहून देऊ नकोस.

कंत्राटदाराचं कारण सांगणाऱ्यांना २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे, म्हणजे दवाखान्यातल्या कचऱ्याचे, नियम दाखव. त्यात सरळ लिहिलंय की हॉस्पिटलने आपल्या कर्मचाऱ्यांना आणि कचरा हाताळणाऱ्या इतरांनाही हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. इतरांना म्हणजे मावशींना, पगार कोण देतं ते कोणी विचारलेलं नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यातही पीईपी देणं ही संस्थेचीच जबाबदारी आहे. आजच्या घटनेची तारीख वेळ घालून नोंद कर, वार्षिक अहवालात ती जायला पाहिजे.

क्लिनिकवाला_डॉक
नर्सबाईंनी योग्य केलं. पण प्रॅक्टिकल बोलतो, आमच्यासारख्या छोट्या क्लिनिकला चार रंग पाळणं जड जातं, जागा नाही, माणूस एकच. आम्ही सगळं पिवळ्यात टाकतो, शेवटी जाळतातच ना, जळून गेलं की जंतू गेले, त्यापेक्षा सेफ काय असणार?

गाडीवरचा_दादा
डॉक्टर साहेब माफ करा पण नाही. पिवळी पिशवी भट्टीत जाते, लाल पिशवी जात नाही. लाल पिशवीतलं प्लॅस्टिक, सलाईनचे सेट, लघवीच्या पिशव्या, बिनसुईच्या सिरिंजा, ग्लोव्हज हे ऑटोक्लेव्हमध्ये वाफेनं निर्जंतुक होतं, मग श्रेडरमध्ये तुकडे होतात आणि ते तुकडे रिसायकलिंगला जातात. हेच तुम्ही पिवळ्यात घातलं की त्यातलं पीव्हीसी प्लॅस्टिक जळतं आणि त्यातून डायॉक्सिन नावाचा विषारी पदार्थ निघतो, तो आमच्या प्लँटच्या आजूबाजूच्या वस्तीच्या नाकात. त्याचसाठी पिशव्या पण क्लोरीनवाल्या प्लॅस्टिकच्या चालत नाहीत आता. आणि साहेब भट्टीपर्यंत पोचायच्या आधी ती पिशवी चार माणसांच्या हातातून जाते, तुमची मावशी, मी, माझा हेल्पर, प्लँटवरची पोरं.

तुकडे करण्याचं कारण पण सांगतो. २००९ ला गुजरातमध्ये मोडासाला हिपॅटायटिस बी ची साथ आली, कितीतरी माणसं गेली, वापरलेल्या सिरिंजा परत परत वापरल्यामुळे, आणि भंगारवाल्यांच्या गोदामात वापरलेल्या सिरिंजांचे ढीग सापडले. आमच्या ट्रेनिंगला हे सांगितलं तेव्हापासून मी अख्खी सिरिंज दिसली की गाडी थांबवून परत देतो, शिव्या खातो पण देतो.

कोकणी_लॅबवाला
डॉक, चार रंगांना जागा फार लागत नाही हो, माझी लॅब दहा बाय बाराची आहे. मुख्य म्हणजे सुई ज्याच्या हातात आहे त्याने ती जागेवरच सुई कापायच्या कटरमध्ये घालायची, कापलेली सुई पांढऱ्या अर्धपारदर्शक न टोचणाऱ्या डब्यात, राहिलेली सिरिंज लालमध्ये, इंजेक्शनच्या औषधाच्या फुटलेल्या अँप्युल आणि काचेच्या व्हायल निळ्यात. इन्सुलिनची सिरिंज जिची सुई निघत नाही ती अख्खीच पांढऱ्यात. टोपी परत लावायची नाही, बऱ्याच सुया टोपी लावतानाच टोचतात.

नवी_इनचार्ज तुम्हाला एक विचारतो, तुमच्या वॉर्डात सलाईनच्या बाटलीच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचून ठेवलेली असते का? फ्लशसाठी, म्हणजे शिरेतली नळी धुवायला, त्यातूनच सलाईन काढत राहायचं, सकाळची बाटली संध्याकाळपर्यंत. मी जिथे जातो तिथे बघतो हे. ती सुई म्हणजे बाटलीला उघडं दार, एका पेशंटचे जंतू सगळ्यांच्या शिरेत, आणि संध्याकाळी बाटली टाकताना ती सुई तशीच पिशवीत जाते. तुमच्या मावशींना लागली ती कदाचित हीच असेल.

पुसायच्या जंतुनाशकाचं, हायपोक्लोराइटचं पण बघा. १ टक्का पाहिजे, बाजारात ५ टक्क्यांचं मिळत असेल तर एक भाग औषध आणि चार भाग पाणी. झाकण लावून ठेवायचं आणि रोज ताजं करायचं, उघड्या बादलीत दोन दिवस ठेवलं की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि आपण नुसत्या पाण्याने पुसत बसतो. आमच्याकडे कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या, प्लेटा आणि रक्ताचे नमुने आधी इथेच निर्जंतुक करून मगच पिवळ्यात जातात, तसेच्या तसे नाही.

वडिलांची_शुगर
मध्येच विचारतो, सॉरी. माझ्या वडिलांना घरी दिवसातून चार वेळा इन्सुलिन असतं, पेनच्या सुया मी आजवर ओल्या-सुक्याच्या डब्यातच टाकत होतो, हे वाचून पोटात गोळा आला. घंटागाडीवरच्या ताई हातानेच वेगळं करतात. काय करावं?

कोकणी_लॅबवाला
फिनेल किंवा फरशीच्या लिक्विडची रिकामी जाड बाटली घ्या, अरुंद तोंडाची, सुया त्यात टाका, पाऊण भरली की झाकण घट्ट करून वरून चिकटपट्टी आणि मोठ्या अक्षरात सुया असं लिहा. पाण्याची पातळ बाटली नको, आरपार जाते. मग ओळखीच्या नर्सिंग होमला किंवा लॅबला विचारा, बरेच जण घेतात, मी घेतो. नाहीतर घंटागाडीच्या ताईंच्या हातात सांगून वेगळी द्या, घरातल्या सुया वेगळ्याच घ्यायच्या असतात.

नवी_इनचार्ज
एक महिना होऊन गेला, इथे सांगायचं राहिलं होतं. मावशींच्या २८ गोळ्या पूर्ण झाल्या, पहिले चार दिवस मळमळ होती मग थांबली. इम्युनोग्लोब्युलिन दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं. पहिलं रक्त तिन्ही निगेटिव्ह आलं, दीड महिन्याचं पुढच्या आठवड्यात आहे. लसीचा दुसरा डोस काल झाला आणि त्यांच्याबरोबर आमच्या बाकीच्या चार मावशी आणि दोन मामांचा पहिला, सरांनी हॉस्पिटलच्या खर्चाने दिला. सरांशी भांडले नाही, नियमाचा तो परिच्छेद प्रिंट काढून टेबलावर ठेवला आणि मावशींची नोंद पुढे केली, त्यांनी दोनदा वाचलं.

लॅबवाले दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. राऊंडला फिरले तर पाच बाटल्यांच्या बुचात सुया होत्या. कटर होता आमच्याकडे पण एकच, ड्रेसिंग रूमच्या कपाटात, मग रात्रीच्या सिस्टरने चार बेड लांब जाऊन सुई कोण कापणार, ती ट्रेमध्ये राहते, ट्रेमधून कापसात आणि कापसाबरोबर पिवळ्यात. आता तीन कटर आणले, प्रत्येक इंजेक्शन ट्रॉलीला एक साखळीने बांधलाय, शेजारी पांढरा डबा. पिशव्यांवर पाऊण उंचीला मार्करने रेघ मारतो, रेघेपर्यंत आली की बांधायची, दाबायची नाही. हाताला जाड ग्लोव्हज आणलेत पण मावशी म्हणतात त्यात गाठ मारता येत नाही, त्याचा मार्ग अजून सापडलेला नाही, कोणी काय वापरतं ते सांगा.

परवा नवीन आलेल्या सिस्टरने सवयीने सुई ट्रेमध्ये ठेवली तर मावशी पोछा तसाच ठेवून तिच्याजवळ गेल्या, अंगठा दाखवला आणि म्हणाल्या, ताई, ती आधी काप.

गाडीवरचा_दादा
ग्लोव्हजचं सांगतो, आम्ही गाठ मारतच नाही, प्लॅस्टिकची झिप टाय मिळते ती वापरतो, जाड ग्लोव्हमध्ये पण ओढता येते. पिशवीचं तोंड वरून धरून एकदा पीळ द्यायचा आणि टाय ओढायची, हात खाली न्यायचाच नाही. मावशींना माझा नमस्कार सांगा.

कॅज्युअल्टी_सिस्टर
दीड महिन्याच्या रिपोर्टचं इथे लिही, मी वाट बघतेय. तिसरा डोस सहाव्या महिन्यात, त्यानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते बघायची रक्ततपासणी, करून घे, दहाच्या वर पाहिजे, मावशींचा आणि तुझा पण. तू स्वतःचा केलायस का कधी?

नवी_इनचार्ज
नाही ताई. उद्या पाठवते.