फोर-के लॅपटॉप + फुल एचडी मॉनिटर : वर्ड आणि पेजमेकर पुसट दिसतात

मात्रावेलांटी:
विंडोज ११. लॅपटॉप १५.६ इंची फोर-के, स्केल (अक्षरं-आयकॉन मोठे दाखवायचं प्रमाण) २५०%, मुख्य पडदा तोच. शेजारी २४ इंची फुल एचडी मॉनिटर, स्केल १००%. लॅपटॉपवर वर्ड ३६५ मधला मराठी मजकूर कोरल्यासारखा दिसतो. खिडकी मॉनिटरवर ओढली की अक्षरं पुसट, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळलेले. पेजमेकर ७ (पानं मांडायचा जुना प्रोग्राम) उलट लॅपटॉपवर धूसर. शिवाय झूम १००% असूनही ए-फोर पान दोन्हीकडे वेगवेगळ्या मापाचं. कुठे काय बदलू?

पिक्सेलमोज्या:
आधी वर्ड. फाइल > ऑप्शन्स > जनरल मध्ये, एकापेक्षा जास्त पडद्यांसाठीच्या पर्यायात 'ऑप्टिमाइझ फॉर कम्पॅटिबिलिटी' निवडलेलं असणार. 'बेस्ट अपिअरन्स' करा, वर्डच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा. कम्पॅटिबिलिटीत वर्ड मुख्य पडद्याच्या मापाने चित्र काढतं आणि विंडोज ते चित्र दुसऱ्या पडद्यासाठी लहान करते. त्यात पहिला बळी मात्रांचा. एखादं जुनं ॲड-इन (वर्डला जोडलेला जादा प्रोग्राम) वेडंवाकडं दिसलं, तरच मागे फिरा.
तरी लॅपटॉपसारखी धार मॉनिटरवर येणार नाही. ११ पॉइंटला तिथे जेमतेम १५ पिक्सेल मिळतात, लॅपटॉपवर ३७. त्या मॉनिटरवर क्लिअरटाइप ट्यूनर (अक्षरांची धार जुळवायची विंडोजची सोय) चालवा आणि झूम १३०% च्या आसपास ठेवून टाइप करा.

जुळारी:
पेजमेकर ७ हे २००१ चं. त्याला ९६ डीपीआयपलीकडे (डीपीआय म्हणजे एका इंचाला धरलेले पिक्सेल; ९६ म्हणजे स्केल १००%) काही कळत नाही, म्हणून विंडोज त्याची खिडकी अडीचपट ताणते. पेजमेकरच्या एक्झी फाइलवर (प्रोग्राम सुरू करणारी फाइल) राइट क्लिक > प्रॉपर्टीज > कम्पॅटिबिलिटी > चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, तळाच्या ओव्हरराइडला टिक. आधी 'सिस्टम (एन्हान्स्ड)' करून बघा. जमलं तर अक्षरं सुधारतात, आयकॉन मात्र धूसरच राहतात. 'ॲप्लिकेशन' निवडलंत तर सगळं स्वच्छ, पण टूलबॉक्स ४०% आकाराचा. त्यावर दिवसभर काम म्हणजे डोळ्यांना शिक्षा.
खरं तर पेजमेकर मॉनिटरवरच उघडा. तिथे स्केल १००%, म्हणजे ताणायचा प्रश्नच नाही.
हे ओव्हरराइड वर्डला लावू नका.

मात्रावेलांटी:
कम्पॅटिबिलिटीच निघालं. आता मॉनिटरवर बरंच बरं दिसतंय. पानाच्या मापाचं काय?

पिक्सेलमोज्या:
वर्ड इंच मोजतं ते ९६ गुणिले स्केल या हिशेबाने. तुमच्या लॅपटॉपवर २४० पिक्सेल म्हणजे एक इंच. प्रत्यक्षात त्या पॅनेलच्या एका इंचात २८२ पिक्सेल आहेत. त्यामुळे २१० मिमी रुंद पान १७९ मिमीच दिसतं. झूम ११८% करा. मॉनिटरवर एका इंचात ९२ पिक्सेल, म्हणून तिथे पान २१९ मिमी, झूम ९६%. पडद्याला पट्टी लावून खात्री करा, दोन-तीन मिमी इकडेतिकडे चालेल.

मात्रावेलांटी:
स्केल २५० चं २०० केलं तर पानं पुढेमागे सरकतील का?

जुळारी:
वर्डच्या प्रिंट लेआउटमध्ये (छापील पानासारखं दृश्य) नाही, ओळी आधीच्याच जागी तुटतात. वेब लेआउटमध्ये (खिडकीच्या रुंदीत बसवलेला मजकूर) ओळी सरकतील. स्केल बदललंत तर साइन आउट करून परत या. काही जुने प्रोग्राम पडद्याचं माप फक्त साइन इनच्या वेळी वाचतात.