'काही नाही, टेन्शन घेऊ नका' : आजाराची भीती आणि डॉक्टरांचं न ऐकणं (अनुभव धागा)

अबोली_
आज शेअर रिक्षात शेजारच्या ताई फोनवर रडवेल्या आवाजात सांगत होत्या, "तिसरे डॉक्टरपण तेच म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही, गुगल बंद करा." ऐकून खूप जुनं वर आलं, म्हणून धागा काढतेय.

एक विनंती. कुठल्या डॉक्टरांनी कसं झिडकारलं हे नका लिहू, ते सगळ्यांच्या घरात आहे. कशाने उपयोग होतो ते नेमकं लिहा. मी सुरुवात करते.

ओपीडीत तुमच्या वाट्याला पाचेक मिनिटं येतात. त्यात आठ तक्रारी सांगितल्या की समोरचा माणूस पहिल्या दोनच ऐकतो आणि बाकीच्यांवरून "घाबरट पेशंट" ठरवून मोकळा होतो. म्हणून जाताना एकच कागद न्यायचा, एका बाजूला लिहिलेला. वर मुख्य तक्रार एक, फार तर दोन. खाली कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, एकदा आलं की किती मिनिटं, कशाने वाढतं, कशाने थांबतं. चालू गोळ्या मिलिग्रॅमसकट. आणि शेवटी एक ओळ स्वतःहून: "मला आजारांची भीती जास्त वाटते हे मला माहीत आहे. पण या वेळी नवीन आहे ते हे."
ही ओळ आधीच सांगितली की डॉक्टरांना ती शोधून काढावी लागत नाही, आणि "नवीन काय" याकडे लक्ष जातं.

सातारकर
+१ अबोलीताई. निघताना विचारायचे तीन प्रश्न पण त्याच कागदावर लिहून ठेवा, आयत्या वेळी सुचत नाहीत.
१. तुम्ही काय काय नाही असं धरलंत, आणि कशावरून?
२. मग हे कशामुळे होत असावं?
३. काय झालं तर लगेच यायचं, आणि काहीच झालं नाही तर किती दिवसांनी दाखवायचं?
तिसऱ्याचं उत्तर कागदावर लिहून घ्या. "काही नाही" म्हणून घरी पाठवलेला माणूस पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. "दोन आठवड्यांनी या, मधे ताप आला किंवा वजन घटलं तर आधी या" असं सांगितलेला माणूस दोन आठवडे थांबू शकतो.

ओवी_लॅब
लॅबच्या बाजूने लिहिते, घाईत आहे, सॅम्पल यायला लागलेत.
रिपोर्टवर ठळक अक्षरात एच (हाय) किंवा एल (लो) दिसलं की लोकांचे हात थरथरतात. नॉर्मल रेंज म्हणजे निरोगी माणसांपैकी 95 टक्के ज्यात बसतात ती. म्हणजे धडधाकट माणसाची एक टेस्ट केली तरी 5 टक्के शक्यता आहे की आकडा बाहेर पडेल. अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 टेस्ट केल्या तर किमान एक तरी बाहेर पडण्याची शक्यता साधारण 64 टक्के. "फुल बॉडी" पॅकेज घेतलं की काहीतरी लाल येणारच, आणि त्यावरून पुढच्या टेस्ट सुरू. भीती असलेल्याने स्वतःहून पॅकेज घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.
आणि केसांच्या गोळ्या!! त्यात बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं, बऱ्याचदा 5 ते 10 मिग्रॅ. काही मशीनवर त्याने थायरॉइडच्या टेस्टमध्ये टीएसएच खोटं कमी आणि टी3, टी4 खोटं जास्त येतं, म्हणजे थायरॉइड वाढल्यासारखं चित्र. ट्रोपोनिनही (हार्ट अटॅक ओळखायची रक्ताची टेस्ट) चुकू शकतं. टेस्टच्या आधी निदान दोन दिवस बंद, आणि घेत असाल तर लॅबला सांगा.

मृद्गंध
बायोटिनचं माहीतच नव्हतं, बहिणीला लगेच पाठवते 🙏

डेक्कनची_राणी
ज्यांना पोटाची भीती आहे त्यांच्यासाठी कोणी लिहा ना. इथे कुकर लावलाय, वाचतेय.

सिस्टर_कुंदा
डेक्कनची_राणी, पोटाचं रात्री लिहिते. आधी छातीचं, कारण जास्त लोक त्यानेच कॅज्युअल्टीत येतात.

धडधड होते, ईसीजी काढला, नॉर्मल, "घाबरता तुम्ही" म्हणून घरी. पण साधा ईसीजी जेमतेम 10 सेकंदांचा असतो. धडधड त्या वेळी चालू नसेल तर तो नॉर्मलच येणार. महिन्यातून एकदा होणाऱ्या धडधडीला 24 तासांचं होल्टर (अंगावर लावून ईसीजी सतत नोंदवणारं मशीन) लावूनही हाती काही लागत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारा, "होत असतानाचा ईसीजी कुठे काढून मिळेल?" घराजवळ मशीन असलेला दवाखाना आधीच बघून ठेवा.

फरक सांगताना हे नेमकं सांगा. घाबरून वाढलेले ठोके हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. एसव्हीटी नावाचा हृदयाच्या ठोक्यांचा जो आजार असतो त्यात ठोके बटण दाबल्यासारखे एकदम सुरू आणि एकदम बंद, मिनिटाला 150 ते 250. हा बायकांमध्ये पॅनिक म्हणून बरेचदा सुटतो. "एकदम सुरू, एकदम बंद" हे शब्द बोललात तर डॉक्टर ऐकतात.

ईसीजीच्या वर मशीनने छापलेल्या ओळी (बॉर्डरलाइन, नॉनस्पेसिफिक एसटी-टी चेंजेस) म्हणजे निदान नव्हे. ते मशीनचं अनुमान, माणसाने वाचून सही केल्यावरच धरायचं.

हे मात्र थांबायचं नाही: छातीत दाब, सोबत घाम, हात किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं. भीतीचा आजार आहे म्हणून हार्ट अटॅक यायचा थांबत नाही. दुखायला लागल्यावर पहिल्या काही तासांत ट्रोपोनिन निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणून साधारण 3 ते 6 तासांनी पुन्हा करतात. एकदाच करून सोडत असतील तर "रिपीट करायचं का?" विचारायला लाजू नका.

परागकण
कुंदाताई खूप उपयोगी. थर्मल कागदावरचा ईसीजी वर्षा-दोन वर्षात पुसट होतो, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला तर आणखी लवकर. त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि फोटो पण. जुना ईसीजी शेजारी ठेवून बघता आला तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

मृद्गंध
फाईलमध्ये नवीन वर की जुनं वर?

परागकण
नवीन वर. पहिल्या पानावर एक यादी, तारीख, टेस्ट, निष्कर्ष एका ओळीत. जाडजूड फाईल टेबलावर आदळली की समोरच्याचा चेहराच बदलतो, म्हणून यादी हातात आणि फाईल पिशवीत.

वैद्यकीय_समाजसेवक
इथे एक मुद्दा राहतोय. डॉक्टर बरोबर असले तरी "काही नाही" हे वाक्य चूक आहे. शारीरिक आजार नाही म्हणजे आजार नाही असं नाही. 2013 पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात (डीएसएम-5) हायपोकॉन्ड्रिॲसिस (आजाराच्या भीतीचं जुनं निदान) काढून दोन निदानं आली: लक्षणं फारशी नसताना आजाराची भीती ती इलनेस अँक्झायटी, आणि त्रास देणारी लक्षणं असून त्याबद्दलची काळजी प्रमाणाबाहेर ती सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर. दोन्हींत साधारण सहा महिने टिकलेलं असणं बघतात. दोन्हींवर उपचार आहेत.

म्हणून "काही नाही" ऐकल्यावर पुढचं वाक्य हे: "मग भीतीवर उपचारासाठी मला कुणाकडे पाठवाल?" चिठ्ठी लिहून मागा.

सीबीटीमध्ये (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, बोलून करायची थेरपी) नेमकं काय करतात? आधी तपासण्याची सवय मोजतात. दिवसातून किती वेळा नाडी, किती वेळा गाठ चाचपली, घरच्यांना किती वेळा विचारलं. मग लांबवतात: वाटलं की 15 मिनिटं थांबायचं, जमलं की 30, मग संध्याकाळपर्यंत. गाठीचं तर साधं आहे, गळ्यातली बारीक गाठ दिवसभर दाबली की ती दुखते आणि सुजते, आणि मग ती "वाढली" असं वाटतं. डॉक्टरांनी एकदा मापून तारीख लिहिली की मधे हात लावायचा नाही.

गोळ्या दिल्या (एसएसआरआय, म्हणजे भीती-नैराश्यावरच्या रोज घ्यायच्या) तर पहिले एक-दोन आठवडे बेचैनी वाढू शकते. हे न सांगता चिठ्ठी दिली की पेशंट तिसऱ्या दिवशी बंद करतो आणि म्हणतो औषध बाधलं. कमी डोसने सुरुवात मागा, गुण यायला 4 ते 6 आठवडे धरा, मनाने बंद करू नका. अल्प्राझोलाम (लगेच शांत करणारी गोळी) तेवढ्यापुरतं, महिनोन्महिने नाही, सवय लागते.

नागपूरी_संत्रं
आणि घरच्यांनी काय करायचं? आईला दिवसातून वीस वेळा "तुला काही नाही गं" म्हणावं लागतं काही घरांत.

वैद्यकीय_समाजसेवक
संत्रंभाऊ, प्रत्येक वेळी दिलेला धीर तासभर टिकतो आणि मग पुन्हा लागतो. आधी आईशी बसून, ती शांत असताना, ठरवायचं: "नवीन लक्षण असेल तर आपण डॉक्टरांनी दिलेला कागद बघू. जुनंच असेल तर मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसेन." आणि खरंच बसायचं. नुसतं उत्तर देणं बंद केलं तर तिला तेही झिडकारल्यासारखंच वाटतं.

नागपूरी_संत्रं
हे पाहिजे होतं. धन्यवाद जी.

गोंयकार_मनीष
बीपीवाल्यांसाठी. दवाखान्यात घाबरून वाढतं, मग घरी दिवसातून दहादा मोजतात, त्याने आणखी वाढतं. पद्धत: मोजण्याआधी अर्धा तास चहा, सिगारेट नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, 5 मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. मिनिटभराच्या अंतराने दोन रीडिंग, सकाळी आणि संध्याकाळी, 7 दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. घरची सरासरी 135/85 च्या खाली असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि मशीन कपाटात. पट्टा दंडाच्या मानाने लहान असला तर बीपी जास्तच दाखवतो, जाड दंडाला मोठा पट्टा वेगळा मिळतो.

मृद्गंध
चहा नाही म्हणजे अवघड आहे आमच्याकडे 😄

लीड्सची_लेक
इंग्लंडमधल्यांसाठी: जीपीची (तिथले फॅमिली डॉक्टर) वेळ साधारण 10 मिनिटं असते, बुक करतानाच डबल अपॉइंटमेंट मागा. आणि सीबीटीसाठी जीपीच्या चिठ्ठीची गरज नाही, एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) टॉकिंग थेरपीजला स्वतःच फॉर्म भरून जाता येतं. हेल्थ अँक्झायटी असंच लिहा फॉर्ममध्ये. दुभाष्या मागता येतो, आईवडिलांसाठी विशेष.

सातारकर
आपल्याकडे टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलतात. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं. फोन लागला की आधी भाषा निवडायची. ज्यांना गावात मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात दिसायचं नाही त्यांनी इथून सुरुवात करावी.

रेकॉर्ड देत नसतील तर: 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यायचे असतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दुसरं मत घेणं हा हक्क आहे, त्यासाठी कुणाची माफी मागायची नाही.

ओवी_लॅब
परत आले. कागदावर "आर/ओ" लिहून पुढे भयंकर आजाराचं नाव असतं ना, तो आजार झालाय असा अर्थ नाही, तो नाही याची खात्री करायची एवढंच. "एनएडी" म्हणजे तपासणीत वावगं सापडलं नाही. काउंटरवर हे विचारणारे रोज असतात, रडत असतात बिचारे.

सिस्टर_कुंदा
डेक्कनची_राणी, पोट. आयबीएस (तपासणीत काही न सापडणारा आतड्याचा त्रास) म्हणून सोडून देण्याआधी हे आहे का ते स्वतः सांगा, विचारायची वाट बघू नका: शौचात रक्त, प्रयत्न न करता घटलेलं वजन, झोपेतून उठवणारं दुखणं किंवा जुलाब, हिमोग्लोबिन कमी, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेलं, घरात आतड्याचा कॅन्सर. यातलं एक जरी असेल तर पुढे तपासायला हवं. काहीच नसेल तर तेही म्हणा, "यातलं काही नाही", डॉक्टरांचा विश्वास बसतो.
हातापायाला मुंग्या असतील आणि शाकाहारी असाल तर व्हिटॅमिन बी12 एकदा बघा. साखरेसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तरीही. मुंग्या म्हटलं की लोक थेट मेंदूच्या आजारापर्यंत जातात आणि डॉक्टर थेट टेन्शनपर्यंत, मधलं बी12 राहून जातं.

डेक्कनची_राणी
कुंदाताई खूप खूप आभार, स्क्रीनशॉट काढला. मेटफॉर्मिनवाले आमचे सासरे आहेत. बी12 ला उपाशी जावं लागतं का?

ओवी_लॅब
साधारणपणे नाही, पण लॅबला फोन करून विचारा. बी12 ची गोळी किंवा इंजेक्शन आधीच सुरू असेल तर सांगा, आकडा चांगला दिसतो आणि कमतरता लपते. सुरू करण्याआधी रक्त द्या.

डेक्कनची_राणी
बरं, मग सोमवारी सकाळी पाठवते त्यांना.